पाटीवरची नावं

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांच्या गस्तीसाठी स्वयंसेवक म्हणून गेले होते. ठरले होते सहा आठवडे, परतले चौथ्यात. कासवांबद्दल काही तक्रार नाही. माणसांकडून काम करून घेण्याची जी तऱ्हा तिथे पाहिली, तिच्याबद्दल आहे. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून बाकीचं सगळं लिहिते.

आधी रस्ता. सान होसेहून लिमोनकडे जाणारा रूट ३२ ब्राउलिओ कारिल्यो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरतो. पाऊस लागला की दरड कोसळून तो बंद पडतो. त्यामुळे विमानातून उतरून त्याच दिवशी प्रकल्पाकडे नेणारी बोट गाठायच्या फंदात पडू नका. लेदरबॅक इथे मार्च ते जुलैमध्ये येतात, एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त. काळे किंवा गडद पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लाल प्रकाशाचा हेडलॅम्प न्या, पांढरा दिवा किनाऱ्यावर चालत नाही. वाळूतल्या बारीक माश्यांना तिथे पुरूहा म्हणतात. त्या चावल्या की आठवडाभर खाजवत बसावं लागतं.

काम मात्र विलक्षण आहे. रात्री ८ ते १२ आणि १२ ते ४ अशा दोन गस्ती. कासवीण मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा खणते आणि अंडी घालायला लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही. तेवढ्यात पालथं पडून तिच्या मागे पिशवी धरायची. साधारण ऐंशी अंडी पडतात, वर बलक नसलेली छोटी वेगळीच. ती हॅचरीत, म्हणजे अंडी जपण्यासाठी राखलेल्या वाळूच्या जागेत, नेऊन काही तासांच्या आत पुरावी लागतात, कारण गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं हललं तर तो मरू शकतो. म्हणजे हॅचरीत कुणीतरी जागं असणं हाच या कामाचा कणा.

दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेबाराला मी आणि आमचा स्थानिक गाइड पिशवी घेऊन हॅचरीत पोचलो, तर खुर्ची रिकामी. ड्यूटीच्या पाटीवर १० ते २ या वेळेसमोर जिचं नाव होतं, ती मुलगी चार दिवसांपूर्वीच घरी गेली होती. समन्वयक गावात, फोनला रेंज नाही. मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले आणि गाइडने हात खांद्यापर्यंत आत घालत एकट्याने खड्डा खणला. वर आला तेव्हा वाळू झटकत म्हणाला, तीन आठवड्यांचा पगार थकलाय. अंडी चोरून विकणाऱ्याला पैसे त्याच रात्री मिळतात, हेही त्याने हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

समन्वयक त्या हंगामातला तिसरा. पोरगा हुशार, कासवांचं ज्ञान अफाट, पण माणसं सांभाळायचं त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. जाणाऱ्याने येणाऱ्याला काहीच लिहून दिलेलं नसायचं. मी सलग अकरा रात्री गस्त घातली आणि सुट्टी मागितली तर सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. नव्या मुलांना वीस मिनिटांत शिकवून वाळूवर सोडायचे. एकाने मापाचा टेप पाठीवरच्या मधल्या कण्यावरून धरला, दुसऱ्याने कण्याशेजारून. ओळखीसाठी लावलेला टॅग तोच असलेली कासवीण दहा दिवसांनी परत आली तेव्हा वहीत चार सेंटिमीटरने वाढली होती!

तेव्हा पैसे भरण्याआधी मेलवर विचारा: आठवड्याला सुट्टी किती, गस्त किती तासांची, हॅचरीवर रात्री कोण असतं, आत्ताचा समन्वयक कधीपासून आहे. चालू आठवड्याचा ड्यूटीचा तक्ता सरळ मागा. तो धड असेल तर पाठवायला दोन मिनिटं लागतात. मला मेलवर उत्तर आलं होतं ते सूर्यास्ताच्या फोटोंचं, तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. स्थानिक गाइडना पगार वेळेवर मिळतो का, हे मेलवर कुणी सांगणार नाही. मागच्या हंगामात जाऊन आलेल्या दोघांशी बोला, तेही प्रकल्पाने सुचवलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या. कामचलाऊ स्पॅनिश शिकून जा. खरी माहिती मला स्वयंपाकघरातच मिळाली. आणि पैसे शक्यतो दोन हप्त्यांत भरा. मी सहा आठवड्यांचे एकदम भरले, परतावा नाही ही ओळ करारात होती आणि मी ती वाचली नव्हती. परतीच्या भाड्याइतके कोलोन (तिथलं चलन) वेगळे ठेवले होते, म्हणून निदान निघता तरी आलं.

निघायच्या सकाळी समन्वयकाला सगळं लेखी दिलं. तो वाईट वाटून म्हणाला, मलाही सांगणारं कुणी नाही इथे. त्याचं खरंच होतं. मग पाटीवरचं माझं नाव मी स्वतः ओल्या फडक्याने पुसलं आणि बोटीत बसले.

सान होसेला पोचल्यावर प्रकल्पावरच्या मैत्रिणीने पाटीचा फोटो पाठवला. शुक्रवार, १२ ते ४, पुढे माझं नाव.