पाचवं पान

रविवार, रात्र

भाची आज दुपारभर माझ्याकडे होती. आठवीत आहे. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मावशी, पुढे खूप वर्षं लोक वाचतील असं लिहायचं तर आत्तापासून काय करायचं?" मी "भरपूर वाच" म्हणून मोकळी झाले. ती गेल्यापासून ते उत्तर मला टोचतंय. इतक्या मनापासून विचारत होती पोर.

दुपारी तिने वही दाखवली होती. पहिल्या चार पानांवर जीवन, स्वप्नं, वेळेचं महत्त्व. सगळी निबंधाची भाषा. पाचव्या पानावर तीनच ओळी: वर्गात हिच्या जागेवर मैत्रिणीने दप्तर ठेवलं होतं, आणि ही काही न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसली. ते पान तिने घाईघाईने उलटलं. "हे असंच आहे." अख्ख्या वहीतलं मला तेवढंच आठवतंय.

म्हणून रात्री ॲन फ्रँकची डायरी काढून बसले. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून घरच्यांसोबत लपून राहिलेली ज्यू मुलगी ती. १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी, तिला ती वही मिळाली. आठच दिवसांनी ती लिहिते की शाळकरी मुलीच्या मनातलं वाचण्यात पुढे कोणाला रस असणार! लपून काढलेली दोन वर्षं, बाहेरची दहशत, सगळं त्यात आहेच. मी मात्र दरवेळी अडते ती टेबलाच्या भांडणापाशी. तिच्या खोलीत एक वडीलधारे गृहस्थ, पेशाने दातांचे डॉक्टर. टेबल एकच. आठवड्यातून दोन दुपारी, दीड-दीड तास ते मला द्या, एवढंच तिचं मागणं. त्यांनी साफ नाही म्हटलं, आणि ही आतून नुसती धुमसते आहे. मोठी माणसं आपल्या कामाला काम समजतच नाहीत, ही त्या वयातली जळजळ ऐंशी वर्षांनंतरही वाचताना अंगाला लागते. मोठ्या शब्दांत लिहिली असती तर लागली नसती, असं मला अगदी आतून वाटतं.

आणि भाचीला हेही सांगायला हवं होतं. मार्च १९४४मध्ये रेडिओवर आवाहन झालं, युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. ते ऐकून ॲनने आपली डायरी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, सुट्या कागदांवर. काही गाळलं, काही भरलं. चौदा वर्षांची होती तेव्हा! दोन वर्षांपूर्वीचं आपलंच लिखाण समोर घेऊन बसायला केवढा धीर लागतो. पण त्यासाठी आधीची पानं जागेवर असावी लागतात. ती लाजेने फाडली की संपलं.

टिकणं न टिकणं तसं आपल्या हातात नसतं. ॲन आणि घरच्यांच्या अटकेनंतर विखुरलेले ते कागद, लपलेल्यांना मदत करणाऱ्या मीप गीस यांनी उचलून ठेवले, म्हणून १९४७मध्ये पुस्तक आलं. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, आणि त्या गेल्यावर १९५२मध्ये ती छापली गेली. दोघींनी आपल्या डोळ्यांसमोरचं धरून ठेवलं, एवढंच त्यांच्याकडून झालं. तेराव्या वर्षी तेवढं पुरे आहे.

आत्ता तिला मेसेज केला: पाचवं पान फाडू नकोस. दप्तर कोणत्या रंगाचं होतं?

लगेच उत्तर आलं. "निळं. शेजारी तिने बाटलीपण आडवी ठेवलेली, मला बसता येऊ नये म्हणून. ते लिहायचं राहिलं."