डावीकडे सात मिलिमीटर

सर आले तेव्हा सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी अडकवलेली होती. तिच्यातून त्यांनी एकामागून एक पाच सीटा काढल्या आणि माझ्या कामाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. सहावी सायकलवर होतीच. "मॅडम, यांतल्या ज्या कोणाच्या उपयोगी पडतील त्यांना देऊन टाका, तीनशेचा नाद मी सोडला," असे म्हणून ते स्टुलावर बसले. त्या सहांपैकी तीन सीटा त्यांनी माझ्याच सल्ल्याने घेतल्या होत्या. त्या दिवशी पुढे जे घडले त्याला आता काही महिने उलटले आहेत, पण ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मी सायकली दुरुस्त करते आणि चालवणाऱ्याच्या शरीराप्रमाणे त्या जुळवून देते. दुकानात येणारे निम्मे लोक अजूनही मलाच "फिटर कुठे आहेत?" असे विचारतात, आणि त्याचे मला आता काही वाटत नाही. सीटच्या तक्रारीत मात्र या गोष्टीचा खरोखर तोटा होतो, कारण नेमके कुठे दुखते हे पुरुष बाईला सांगत नाहीत. "बसायला जरा त्रास होतो" याच्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून मी एका कागदावर बैठकीच्या भागाची साधी आकृती छापून ठेवली आहे. ती आणि एक पेन्सिल ग्राहकाच्या हाती देऊन मी पाच मिनिटे दुसऱ्या कामाला निघून जाते. सरांनी पहिल्या भेटीत त्या आकृतीवर हरभऱ्याएवढी एकच खूण केली होती : उजवीकडे, पण हाडावर नव्हे, हाडाच्या आतल्या बाजूला. खाली "त्रास केव्हापासून?" या ओळीपुढे शिक्षकाच्या वळणदार अक्षरात "दोन वर्षांपासून" असे लिहिले होते. ती ओळ मी वाचली होती आणि पुढे गेले होते.

तीनशे म्हणजे ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, जी २० तासांत पूर्ण करायची असते. २०० किलोमीटरची, साडेतेरा तासांची, त्यांनी पूर्वी अनेकदा सहज केली होती. अलीकडे मात्र १२० किलोमीटरच्या आसपास उजवीकडे मुंग्या यायच्या, मग तो भाग बधिर व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी फोड उठलेला असायचा. एका डॉक्टरांनी त्यांना सायकल बंद करायला सांगितले होते. चप्पल चावते म्हणून चालणे सोडा, अशा धाटणीचा हा सल्ला सायकलवाल्यांना फार सहज दिला जातो.

लोक सीट अंगठ्याने निवडतात. दुकानात आले की पहिल्यांदा अंगठा दाबून पाहतात आणि जी जास्त दबते ती आरामाची असे ठरवतात. सरांची दुसरी सीट अशाच परीक्षेत उत्तीर्ण झालेली होती : रुंद, जेल भरलेली, खाली स्प्रिंगा. तासाभराच्या फेरीला ती बरी वाटते. पाच तासांनी मात्र बैठकीची दोन हाडे तिच्यात रुतून बसतात आणि त्यांच्या मधला मऊ थर वर येऊन, जिथे मुळीच दाब नको, त्या नसा आणि रक्तवाहिन्यांच्या जागेवर दाबत राहतो. शरीराचा भार त्या दोन हाडांवरच पडला पाहिजे, आणि त्यांच्यातले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. ते मोजायला मी पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा तुकडा वापरते. सपाट, कडक बाकावर तो ठेवून माणसाला त्यावर पुढे वाकून बसवायचे, उठल्यावर तिरप्या उजेडात दोन खळगे शोधायचे आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर घ्यायचे. सरांचे ११८ मिलिमीटर भरले. त्यांची वाकण्याची ढब पाहून मी त्यात २५ मिळवले आणि मधे खाच असलेली १४३ मिलिमीटरची सीट दिली. हा हिशेब मी शेकडो वेळा केलेला आहे. सहसा तो चुकत नाही.

सरांच्या बाबतीत तो चुकला, म्हणजे मला तसे वाटले. म्हणून मग १५५ मिलिमीटरची आली, आणि तिच्यानेही काही फरक पडला नाही. त्यानंतर सरांनी कुठेतरी वाचून, नाक, म्हणजे पुढचे निमुळते टोक, नसलेली सीट स्वतः मागवली. सीट आणि बधिरपणा यांचे नाते काही नवे नाही. १९९७ साली बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या दाबाचा संबंध पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेशी जोडला आणि त्यानंतर मधे खाच असलेल्या सीटांचे पीकच आले. पुढे अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा देऊन केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात बधिरपणा बराच कमी झाल्याचे दिसले. पण सीटचे नाक म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. वळताना मांड्या त्याला टेकून सायकल सांभाळतात, आणि ते नसले की भार हातांवर येतो. सरांचे तळहात तीन आठवड्यांत कुरकुरू लागले आणि ती सीटही पिशवीत गेली.

राहिली चामड्याची. ताणलेल्या जाड चामड्याची जुन्या पद्धतीची ही सीट माझ्याच आग्रहाने त्यांनी घेतली होती, आणि तिच्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण साऱ्या सीटांमध्ये तीच एक खरे बोलते. कृत्रिम फोम दाबला की पुन्हा वर येतो आणि झाले गेले विसरतो. चामडे विसरत नाही. काही शे किलोमीटर झाले की हाडांच्या जागी दोन उथळ वाट्या तयार होतात, आणि त्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या असतात. सरांनी त्या सीटवर ९०० किलोमीटर काढले होते. मी सीटच्या नाकापासून मागच्या रिव्हेटांच्या मध्यापर्यंत एक दोरा ताणला आणि त्या मध्यरेषेपासून दोन्ही वाट्या मोजल्या. डावी ६६ मिलिमीटरवर होती, उजवी ५२ वर. बेरीज ११८. पुठ्ठ्याने सांगितलेला आकडा तंतोतंत जुळला आणि मला त्याचा आनंदच झाला. पण माणूस सीटच्या मध्यावर बसतच नव्हता, तो सात मिलिमीटर डावीकडे सरकून बसत होता. उजवे हाड मध्याकडे ओढले गेल्यावर त्याच्या आतला मऊ भाग सीटच्या उंचवट्यावर येणार, हे उघडच होते. पेन्सिलची खूण तिथेच होती.

इथवर माझे बरोबर होते. यापुढे मी जे केले ते पाठ्यपुस्तकाप्रमाणे होते, आणि म्हणूनच त्याचा मला जास्त राग येतो. माणूस डावीकडे सरकतो, म्हणजे त्याचा डावा पाय पेडल गाठताना कमी पडत असणार, म्हणजे डावा पाय आखूड. मी त्यांना टेबलावर आडवे करून कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. फरक इतका किरकोळ होता की तो टेपच्या चुकीत जमा करावा. तरीही मी डाव्या बुटाच्या क्लीटखाली, म्हणजे बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीखाली, तीन मिलिमीटरची चकती घातली, कारण सायकलवर बसलेले सर मागून पाहताना डावीकडे कललेले दिसत होते आणि डोळ्यांवर माझा विश्वास होता. चकतीने थोडे बरे वाटले. अर्धवट गुण येणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत वाईट फळ आहे, कारण निदान बरोबर आहे असे वाटत राहते. महिन्याभराने सर म्हणाले की आता पेडल वर येताना डाव्या जांघेत चिमटा बसतो. मी म्हणाले, "व्यायाम करा, सांधा कडक झाला असेल."

तर पिशवीच्या दिवशी. सर निरोपाचे बोलत होते आणि मला काय बोलावे ते सुचत नव्हते, म्हणून हाताला चाळा हवा या एकाच कारणाने मी पेडल काढून त्यांना ग्रीस भरायला घेतले. उजवे निघाले. डाव्याचा आटा उलटा असतो, तेही निघाले. त्या भोकाभोवती तेल आणि धूळ यांचा काळा थर साचला होता, तो फडक्याने पुसताना क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला लागते तिच्या, मागच्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ, ठोकलेले आकडे उघडे पडले : १७५. मी उजवा क्रँक पुसला. १७०.

मी पुन्हा पुसून पाहिले. आकडे बदलले नाहीत.

डावा क्रँक पाच मिलिमीटर लांब असेल तर पेडल तळाला गेल्यावर डावा पाय पाच मिलिमीटर जास्त खाली न्यावा लागतो. साहजिकच माणूस त्या बाजूला सरकतो. पण तेच पेडल माथ्यावर आल्यावर गुडघा पाच मिलिमीटर जास्त वर जातो, आणि मी खाली घातलेल्या चकतीने तळाचा फरक पाचावरून दोनवर आणला असला तरी माथ्याचा फरक पाचावरून आठवर नेला होता. जांघेतला चिमटा मीच त्यांना दिला होता. खरोखर आखूड असलेला पाय तळाशी कमी पडतो, पण माथ्यावर गुडघा वर फेकत नाही. मागून काढलेल्या चित्रफितीत डावा गुडघा माथ्यावर बाहेर फेकला जाताना स्पष्ट दिसतो. ती फीत मी निदान दहा वेळा पाहिली होती.

दोन लांबींचे क्रँक एका सायकलला आले कुठून, हे शोधायला मला लांब जावे लागले नाही. कामाच्या वहीत अडीच वर्षांपूर्वीची नोंद सापडली : "डावा क्रँक ढिला, भोक कुरतडलेले. क्रँक बदलला." चौकोनी दांड्यावर बसणारा क्रँक ढिला असताना चालवत राहिले की त्याचे भोक घासून गोलसर होते, मग कितीही आवळा, तो पुन्हा ढिला पडतो. त्या वेळी माझ्याकडे असलेल्या मदतनिसाने जुन्या सुट्या भागांच्या खोक्यातून एक डावा क्रँक काढून बसवला होता. मुलगा हाताने चलाख होता, पण जे बसते ते बरोबर, अशी त्याची समजूत होती. नोंद मात्र माझ्या अक्षरात होती, आणि तिच्यात लांबी लिहिलेली नव्हती.

पुसलेले फडके हातात घेऊन, हे सरांना सांगायचे की नुसताच क्रँक बदलून मोकळे व्हायचे, असा विचार माझ्या मनात आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, मग विचारले, "पाच मिलिमीटर म्हणजे केवढे?" मी पट्टीवर नखाने दाखवले. "एवढेच?" मी म्हणाले, "मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर तासाला चार हजार आठशे वेळा एवढेच." ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग, वर्गात उभे राहून विचारावा तसा, त्यांनी प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही माझी हाडे मोजलीत, पाय मोजलेत, सीट मोजलीत. सायकल का नाही मोजलीत?"

मोजली होती, पण एकाच बाजूने. सायकल स्टँडला लावली की चेनची, म्हणजे उजवी बाजू माणसाकडे असते. फोटो त्याच बाजूने काढतात आणि माझ्या तक्त्यात क्रँकच्या लांबीसाठी रकाना एकच होता. त्यात १७० लिहिलेले होते आणि ते खरेच होते.

१७० चा डावा क्रँक मी तेव्हाच बसवला, अर्थातच पैसे न घेता. क्लीटखालची चकती काढली. डाव्या पायाला पुरावे म्हणून सरांनी मधल्या काळात सीट आपल्या मनाने चार मिलिमीटर खाली घेतली होती, ती पूर्ववत केली; नाक खाली झुकवले होते, ते स्पिरिट लेव्हल ठेवून सपाट केले. "आणि यातली कोणती बसवायची?" असे त्यांनी टेबलाकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा मी १४३ चीच उचलली, जी माझ्या हिशेबाने पहिल्याच दिवशी बरोबर होती आणि जिला आम्ही दोघांनी नापास केले होते. तीनशेची ब्रेव्हे सहा दिवसांवर होती. सर गेले आणि साडेअठरा तासांत पूर्ण करून आले. संदेशात त्यांनी एवढेच लिहिले होते : "मुंग्या नाहीत. फोड नाही. झोपतो."

मला बरे वाटायला हवे होते, आणि वाटलेही. पण एका वेळी एकच बदल करायचा, हा मी नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवते तो नियम त्या दिवशी मीच मोडला होता. क्रँक, चकती, उंची, झुकाव आणि सीट, असे पाच बदल एका दुपारी. यांपैकी कोणामुळे गुण आला हे मला सांगता येत नाही. क्रँकमुळे, असे म्हणण्याचा मोह होतो, कारण ती गोष्ट सांगायला छान आहे. पण सपाट केलेल्या नाकाने आणि वर घेतलेल्या चार मिलिमीटरनेही बधिरपणा गेलेला मी पाहिला आहे. सरांना पुन्हा १७५ बसवून बघू या, असे तर म्हणता येत नाही.

गेल्या आठवड्यात ते ब्रेक पॅड बदलायला आले होते. तक्रार काही नव्हती. सायकल स्टँडवर चढवल्यावर मी सीटच्या कव्हरवर तिरपा उजेड पाडून पाहिले. डाव्या कडेला उजव्यापेक्षा किंचित जास्त चकाकी आहे. अडीच वर्षांची शरीराची सवय असेल, किंवा मी अजून न पाहिलेले काही असेल. सरांना मी ते दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले, म्हणाले, "मला तर सारखेच दिसते," आणि ब्रेक किती वेळात होतील ते विचारले.