फराळाच्या ऑर्डरसाठी स्क्रीन आखताना

आमच्या पार्ल्यातल्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. ऑर्डरी फोनवर घ्यायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या, ही त्यांची पद्धत. मी नुकतीच इंटरफेस डिझाइन, म्हणजे ॲप-वेबसाइटच्या स्क्रीन आखणं, शिकायला लागले होते, म्हणून ऑर्डर देण्यासाठी मोबाइलवरच्या स्क्रीन करायचं काम मागून घेतलं. डिझाइनची सूत्रं मला खरी कळली ती या कामात.

स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर फिग्मा उघडण्याआधी काकूंची जुनी वही घेऊन बसले. नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. वहीत चिवडा ‘अर्धा’, शेव ‘पाव’, करंज्या ‘२५ नग’ असं लिहिलेलं होतं. ०.२५ किलो शेव कुणीच मागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा सूत्रांपैकी एक हेच सांगतं, की वापरणाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातले शब्द आणि क्रम स्क्रीनवर यावेत. त्यामुळे वजनासाठी आकडा टाइप करायची चौकट मी ठेवलीच नाही. पाव, अर्धा आणि एक किलो अशी बटणं दिली, करंज्या-लाडवांना नगांप्रमाणे अधिक-उणे. भलताच आकडा पडण्याची शक्यताही त्यातच संपली.

बटणं केवढी असावीत? मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते चटकन गाठता येतं. अँड्रॉइडसाठी गूगल निदान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या आकाराचं एकक) सुचवतं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ॲपल त्यांच्या एककात ४४ पॉइंट. मी ते चर्चगेटच्या स्लो लोकलमध्ये उभ्याने तपासलं, एक हात हँडलला आणि दुसऱ्या हातात फोन. वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचत नाही, म्हणून ‘ऑर्डर द्या’ तळाशी, पूर्ण रुंदीत घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांना दिला आणि तो द्यायलाच हवा. इंग्रजी मजकूर धरून ठरवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट घेतला. तो मोफत आहे आणि बारीक ते जाड अशा सात जाडींत मिळतो. ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवली. फिकट राखाडी अक्षरं दिसायला नाजूक वाटतात, पण भर दुपारी प्लॅटफॉर्मवर ती वाचताच येत नाहीत. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे ती सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, निकष साध्या मजकुरासाठी निदान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) मागतात. मराठी वाचणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेले कितीतरी जण असतात, त्यांच्यासाठी हा निकष अजिबात सोडू नये.

मग इमारतीतल्या शेजाऱ्यांना फोन दिला, “एक किलो चिवडा आणि पंचवीस करंज्या मागवा” एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. हे गप्प बसणं फार कठीण असतं, पण मदत केली की काही कळत नाही. एका आजोबांनी बटण दाबलं, क्षणभर वाट पाहिली आणि विचारलं, “गेली का गं ऑर्डर?” उत्तर यायच्या आत पुन्हा दाबलं. नील्सन यांच्या मांडणीनुसार ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष उडतं. आता बटण दाबताक्षणी त्यावर ‘पाठवत आहोत’ येतं आणि दुसऱ्यांदा ते दाबलंच जात नाही. नंतर जिन्नस, वजन आणि मिळण्याचा दिवस ठळक दिसतो, खाली ‘बदल करा’.

सध्या काकूंच्या बाजूची स्क्रीन आखते आहे. “कोणी मागवलं ते नंतर बघेन, उद्या एकूण चिवडा किती करायचा ते आधी दाखव,” असं त्यांनी सांगितलं. म्हणून जिन्नसवार बेरीज वर घेतली आहे, ग्राहकांची नावं त्याखाली.