तुझ्या निदानात न बसणारं काय?

भातकापणीच्या दिवसांत आमच्या ग्रामीण रुग्णालयात अंधार पडल्यावर येणारे पेशंट बहुतेक शेतावरचे. कुणाला विळा लागलेला, कुणाला साप चावलेला, कुणी ताप अंगावर काढलेला. गुहागरकडच्या त्या सात वर्षांच्या मुलाला मात्र नुसत्या उलट्या होत होत्या. कॅज्युअल्टीत असलेल्या इंटर्ननं त्याला तपासलं आणि मला सांगितलं, "सर, गॅस्ट्रो. हातपाय गार, नाडी 150. डिहायड्रेशन बरंच आहे. सलाईन जोरात सोडू?"

इंटर्न मुलगी हुशार. उलट्या, गार हातपाय, जलद नाडी, सगळं जुळत होतं, आणि पावसाळ्यात तिनं असे पेशंट भरपूर पाहिले होते. अडचण तिथंच असते. ओळखीचं चित्र दिसलं की मन पुढे शोधायचं थांबतं. हे मुरलेल्या डॉक्टरांचंही होतं.

मी तिला निदान सांगितलं नाही. म्हटलं, "तुझ्या निदानात न बसणारं काय काय आहे, ते मोठ्यानं सांग."

ती परत खाटेपाशी गेली. मुलाचा शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरून घामाच्या धारा. जीभ ओली, तोंडातून लाळ गळत होती. बीपी घेतलं तर 140/100. "अंगातलं पाणी कमी झालं असेल तर बीपी एवढं वर कसं, सर?" हा प्रश्न तिच्याच तोंडून यायला हवा होता.

मग तिनं आईला विचारलं, "ताई, उलट्या व्हायच्या आधी हा काय करत होता?"

"खेळत होता मागीलदारी, चिऱ्यांच्या ढिगावर. पायात काटा गेला म्हणून थोडा रडला."

तळव्यावर खूण दिसेना. ती बोटानं टकटक करत सरकत गेली. करंगळीच्या मुळाशी बोट आलं आणि मुलानं पाय झटकन ओढून घेतला.

लाल विंचू. त्याच्या विषानं शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरू लागतं. अशा मुलाला सलाईन जोरात सोडलं असतं तर आम्हीच त्याला त्या पाण्यात ढकललं असतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर अशाच पेशंटांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. त्यांची निरीक्षणं 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढे त्यांनी प्राझोसिन या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपचार रूढ केला. कोकणात किती पोरं त्यामुळे वाचली! तेच औषध आम्ही दिलं, दर किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, मुलाला आडवं ठेवून, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. पहाटे पावलं गरम लागली, तेव्हाही इंटर्न त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेली होती.

उपचारांचे तक्ते भिंतीवर हवेतच. पण तक्ता निदान झाल्यावर कामाला येतो. त्याआधीचा विचार कुणीतरी समोर उभं राहून, मोठ्यानं करवून घ्यावा लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच वेळ आपण शिकाऊ डॉक्टरांना देत नाही. मी आता इंटर्नना केसपेपरवर निदानाखाली 'न जुळणारं' अशी एक ओळ लिहायला लावतो. शेतात गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्याला ताप आहे, डोळे लाल आहेत, पोटऱ्या दाबल्या की तो कळवळतो, हे त्या ओळीत आलं तर 'व्हायरल' लिहिताना हात थांबतो आणि लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, आठवण होते, कावीळ दिसायच्या आधी.