बुरशी नसलेला 'मायकोटिक' अ‍ॅन्युरिझम

जंतूंनी पोखरलेली धमनीची भिंत फुगली की आम्ही तिला 'मायकोटिक अ‍ॅन्युरिझम' म्हणतो. नाव बुरशीचे असले तरी करणी बहुधा जिवाणूंची असते. हृदयाच्या झडपांवर संसर्गामुळे वाढलेल्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या गाठींवरून विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमधील व्याख्यानांत हा शब्द वापरला आणि तो आजतागायत चिकटून राहिला आहे.

साठी ओलांडलेले एक मधुमेही गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना तीन आठवड्यांपासून ताप होता आणि कंबर दुखत होती. टायफॉइड समजून त्यांना अँटिबायोटिक दिले गेले होते; ताप उतरला, पण कोर्स संपताच परतला. औषधापूर्वी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू उगवून पाहण्याची चाचणी, कोणी घेतलेच नव्हते आणि नंतर घेतलेल्यात काही उगवले नाही. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली महाधमनीच्या एकाच बाजूला द्राक्षाच्या घडासारखा उंचवटा दिसला, भोवतालची चरबी धूसर झालेली होती. नेहमीचा अ‍ॅन्युरिझम बहुधा चहूबाजूंनी आणि वर्षानुवर्षे फुगत जातो; हा मात्र दहा दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत नव्हता.

पोट उघडल्यावर ती भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली; टाका घातला की दोरा ऊती कापून बाहेर येई. अशा वेळी निरोगी, पांढरट, टाका धरणारी भिंत लागेपर्यंत कापत जावे लागते आणि सडलेला भाग आजूबाजूच्या पुवासकट काढावा लागतो. खरा पेच त्यानंतरचा असतो. त्याच जागी कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे धमनीच्या जागी जोडायची नळी, बसवला तर त्यावर जंतू पुन्हा घर करू शकतात. काखेतील धमनीतून मांडीकडे रक्त वळवले तर ती लांब नळी बंद पडू शकते आणि महाधमनीचे शिवलेले तोंड फुटण्याची धास्ती उरते. आतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली नळी, घालणे रक्तस्राव होत असताना जीव वाचवते, पण पू तसाच राहतो, म्हणून मी तो बहुतेकदा तात्पुरता उपाय मानतो. आम्ही मांडीतील खोल शिरा काढून त्यांची नळी जोडली, वेळखाऊ आणि कंटाळवाणे काम, आणि तिच्याभोवती ओमेंटमचा, म्हणजे पोटातील चरबीच्या पदराचा, वेढा दिला.

भिंतीच्या तुकड्यात साल्मोनेला उगवला, टायफॉइडचा नव्हे, पण त्याचाच भाऊबंद. म्हणजे पहिला अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक दिले आणि पुढे काही महिने गोळ्या चालू ठेवल्या. आता ते तपासणीला येतात, ते मुख्यतः शीर काढलेल्या पायाच्या सुजेची आणि उन्हाळ्यात घालाव्या लागणाऱ्या घट्ट मोज्याची तक्रार घेऊन.