त्या पिल्लाची नाकपुडी

दुपारपासून एक फोटो डोळ्यासमोरून हलत नाहीये. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच या छोट्या पक्ष्याचं पिल्लू, अंगावर धड पिसं नाहीत, आणि नाकपुडी इतकी मोठी झालीये की चोचीला भोक पडल्यासारखं दिसतंय. फिलॉर्निस डाउन्सी नावाच्या माशीच्या अळ्यांनी आतून खाल्लीये ती. माशी स्वतः रक्त पीत नाही, फळंबिळं खाते, पिल्लांची आई बाहेर गेली की घरट्यात अंडी घालून निघून जाते, मग बारक्या अळ्या पिल्लाच्या नाकात राहतात आणि मोठ्या झाल्या की दिवसभर घरट्याच्या तळाशी गवतात लपतात, रात्री वर येऊन रक्त पितात. कधी कधी एका घरट्यात चाळीस-पन्नास. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढायला बघतात, आई पण नीट टेकत नाही, उभीच राहते जास्त. रक्त कमी, वजन वाढत नाही, बऱ्याचदा अख्खं घरटं जातं. जी वाचतात त्यांची चोच जन्मभर बिघडलेली राहू शकते.

पण खरं काळजाला लागलं ते वेगळंच. 2016 च्या एका अभ्यासात फिंच आणि तिथलाच दुसरा पक्षी मॉकिंगबर्ड, दोघांची घरटी बघितली होती. अळ्या दोघांकडे. मॉकिंगबर्डची पिल्लं जास्त ओरडून खायला मागतात, आईबाप जास्त आणून भरवतात, झालेलं नुकसान भरून निघतं, पिल्लं जगतात. फिंचच्या घरट्यात तसं होत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही असं आपण किती सहज म्हणतो ना! माझी लेक कमी वजनाची होती, भूक लागली तरी रडायची नाही, गपगार पडून राहायची, त्या दिवसांची भीती आज परत पोटात आली.

ही माशी मूळची तिथली नाही, बाहेरून आलेली, घरट्यांमध्ये पहिल्यांदा सापडली 1997 ला. या पक्ष्यांना तिची सवय व्हायला वेळच कुठे मिळालाय? मॅन्ग्रोव्ह फिंच ही त्यांच्यातली एक जात तर आता जेमतेम शंभर उरलीये, 2014 पासून काही वर्षं त्यांची अंडी उचलून आणून माणसांनी पिल्लं हाताने वाढवली आणि परत सोडली.

एक गोष्ट मात्र वाचून फार बरं वाटलं. खरजेच्या मलमात असतं ते पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक कापसाला लावून तो कापूस झाडांजवळ टांगून ठेवला, आणि फिंचनी आपणहून ओढून घरट्यात नेला. एक ग्रॅम कापूस असला तरी त्या घरट्यात जवळपास अळ्याच नाहीत. माझी आई रोज संध्याकाळी समईच्या वाती वळते, साधारण तेवढाच कापूस असेल तो. आज तिच्याशेजारी बसून एक पुंजका तळहातावर घेऊन बघितला, वजन जाणवतच नाही.