भाड्याच्या घरात ड्रिलशिवाय पडदे

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर स्प्रिंगचा टेन्शन रॉड घ्या, म्हणजे स्प्रिंगच्या दाबाने दोन बाजूंमधे अडकून राहणारी, रबरी टोकांची नळी. खिडकीच्या दोन बाजूंमधलं अंतर आतून मोजा. रॉड त्याहून साधारण इंचभर लांब फिरवून ठेवा, मग दाबून बसवा. ग्रॅनाइट किंवा कडप्प्याच्या चौकटीत तो उत्तम धरतो, फक्त आधी तिथली धूळ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र हात फिरवून बघा. तळव्याला पांढरी पूड लागली, तर रबरी टोक हमखास घसरणार. चिकटवायचे हूकही याच कारणाने पडतात: गोंद पुडीला चिकटतो, भिंतीला नाही.

कापड विकत घेण्याची गरजच नाही. जुनी सुती साडी धुऊन धुऊन आधीच आटलेली असते, त्यामुळे पडदा नंतर आखूड होत नाही. साडेपाच मीटरच्या साडीतून दीड-दीड मीटरचे तीन तुकडे निघतात. चार फूट रुंद खिडकीला दोन पुरतात, कारण चुण्या छान पडायला कापड खिडकीच्या जवळपास दुप्पट रुंद लागतं. कापण्याआधी फॉल उसवून काढा, नाहीतर ती कड जड होऊन पडदा तिरका लोंबतो. वर अडीच इंचाचा नेफा घाला, खाली दोन इंच दुमडा. काठ खाली येत असेल तर तो अजिबात दुमडू नका, तसाच दिसू द्या. फार देखणा दिसतो!

लांब रॉड मधे वाकतो. सहा फुटांच्या खिडकीला जाड नळीचाच घ्या.